वाचक विचारतात: लाईव्ह चॅट, मेसेज काढायचं टूल आणि त्याची वही

दिवाळी सरली की विदर्भात गावोगाव मंडई, शंकरपट, नाटकं आणि सप्ताह सुरू होतात. आता यातलं बरंच काही मोबाईलवर लाईव्ह दिसतं. या महिन्याच्या टपालात सगळ्यात मोठा गठ्ठा लाईव्ह चॅटमधल्या मेसेजविषयीचा होता. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. सगळी यूट्यूबविषयी आहेत, म्हणून उत्तरंही त्याच मंचाची आहेत.

प्रश्न: आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह तीन वर्षांपासून लाईव्ह जातो. चॅटमधले वाईट मेसेज काढायला गावातल्याच एका इंजिनीअर मुलानं पायथन या संगणकाच्या भाषेत टूल बनवून दिलं. आता तो नोकरीसाठी पुण्याला चालला आहे. जाण्याआधी त्यानं काय काय लिहून द्यावं? त्यानं दिलेली चिठ्ठी अर्ध्या पानाची आहे आणि ती त्याची त्यालाच कळते.
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: त्या अर्ध्या पानावर बहुतेक 'टूल कसं सुरू करायचं' एवढंच असेल. ते लागतंच, पण टूल वापरणाऱ्यासाठी जी वही लिहायची, तिच्यात त्याची जागा मागे आहे. चॅटमधून काढलेला मेसेज परत आणता येत नाही. चॅनेलवरून लपवलेल्या, म्हणजे ज्याचे मेसेज इतरांना दिसत नाहीत अशा माणसाला पुन्हा मोकळं करता येतं, अडवायच्या शब्दांच्या यादीतला शब्द खोडता येतो, पण गेलेला मेसेज गेला. म्हणून वहीचं पहिलं पान तीन गोष्टींचं असावं: काय काढायचं, कोणी काढायचं आणि काढण्याआधी काय टिपून ठेवायचं.

काय काढायचं, याला क्रमांक द्या. १ शिवी, २ जात, धर्म किंवा बाईमाणूस यावरून हिणवणं, ३ लिंक व जाहिरात, ४ कोणाचाही फोन नंबर किंवा खाजगी माहिती, ५ धमकी, ६ पाठवणाऱ्यानं स्वतः केलेली विनंती. त्याच पानावर काय काढायचं नाही तेही लिहा. 'आवाज येत नाही', 'मंडपाचा हिशोब द्या', 'बुवा आज रंगले नाहीत' हे मेसेज राहू द्यायचे. हे लिहिलेलं नसलं की रात्री दहा वाजता लॅपटॉपवर बसलेला पोरगा मागे उभ्या असलेल्या कमिटीवाल्याच्या तोंडाकडे बघून बटन दाबतो.

दुसरं पान खात्यांचं. दुसऱ्याचा मेसेज काढण्याचा अधिकार चॅनेलच्या मालकाला आणि मॉडरेटरला, म्हणजे मालकानं चॅट सांभाळायला नेमलेल्या खात्याला असतो. टूलला मालकाचं जीमेल खातं देऊ नका. टूलसाठी वेगळं खातं उघडा आणि यूट्यूब स्टुडिओच्या (चॅनेल सांभाळायच्या पानाच्या) सेटिंग्जमधल्या कम्युनिटीच्या पानावर त्याला 'स्टँडर्ड मॉडरेटर' करा. मेसेज काढायला एवढं पुरतं. 'मॅनेजिंग मॉडरेटर'ला याहून जास्त अधिकार असतात, ते टूलला लागत नाहीत. लॅपटॉप चोरीला गेला किंवा पासवर्ड फुटला, तर ते एक नाव यादीतून काढायचं, बाकी चॅनेल सुरक्षित. कोणत्या खात्याला कधी अधिकार दिला, त्याची तारीख वहीत लिहा. पासवर्ड मात्र वहीत लिहायचा नाही. पासवर्ड कोणाकडे आहे तेवढं लिहायचं.

तिसरं पान नोंदीचं, आणि सगळं टूल यावर उभं आहे. मेसेज काढण्याच्या आधी टूलनं फाईलमध्ये एक ओळ लिहिली पाहिजे, नंतर नाही. आधी काढला आणि ओळ लिहिण्याच्या आत लाईन गेली, तर मेसेजही नाही आणि नोंदही नाही. ओळ अशी दिसावी:

रात्री ९.४२.१७ | मेसेज आयडी | चॅनेल आयडी | मजकूर जसाच्या तसा | कारण ३ | काढणारा: म-२ | निकाल: निघाला

यात नाव मुद्दाम नाही. चॅटमधलं नाव माणूस हवं तेव्हा बदलतो. चॅनेल आयडी बदलत नाही. तो 'यूसी' या दोन रोमन अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण २४ अक्षरांचा असतो. 'म-२' म्हणजे दुसरा मॉडरेटर. कोणाचा क्रमांक कोणता, ते पहिल्या पानावर असतंच. 'निकाल' हा रकाना आधी रिकामा राहतो आणि यूट्यूबचं उत्तर आल्यावर भरतो. रिकामा राहिलेला निकाल म्हणजे काम अर्धवट राहिलं, हे दुसऱ्या दिवशी लगेच दिसतं.

नोंदीत दोन चुका हमखास होतात. यूट्यूब मेसेजची वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतं. टूलनं त्यात साडेपाच तास मिळवले नाहीत, तर रात्री ९.४२ चा मेसेज वहीत दुपारी ४.१२ चा दिसतो आणि मग 'तेव्हा तर लाईव्ह सुरूच नव्हतं' यावरून वाद होतो. दुसरी चूक एक्सेलमधली. नोंदीची सीएसव्ही फाईल (रकाने स्वल्पविरामानं तोडलेली साधी मजकूर फाईल) उघडली की मराठीच्या जागी चिन्हांचा खिचडा दिसतो. डेटा बिघडलेला नसतो. फाईल 'यूटीएफ-८ विथ बीओएम' पद्धतीनं साठवली की एक्सेल ती नीट वाचतं. तोवर ती फाईल एक्सेलमधून पुन्हा सेव्ह करू नका, नाहीतर खिचडाच कायमचा होतो. बरोबरीच्या चिन्हानं सुरू होणारा मेसेज एक्सेल सूत्र समजतं, म्हणून मजकुरापुढे टूलनं एक अवतरणचिन्ह टाकलेलं बरं.

आता सुरू करण्याच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीनंतर 'पडद्यावर काय दिसायला हवं' ते लिहा. 'टूल चालवा' एवढं पुरत नाही. 'टूल चालवा, दहा सेकंदांत काळ्या खिडकीत चॅट जोडला असं येईल, नाही आलं तर आठवं पान बघा' असं हवं. लाईव्हचा पत्ता रोज बदलतो, म्हणून तो कुठून घ्यायचा आणि कुठे चिकटवायचा, याचा पडद्याचा फोटो वहीत लावा. बटनांची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच लिहा. खातं इंग्रजीत असेल तर 'रिमूव्ह' म्हणा, मराठीत असेल तर मराठी नाव लिहा. भाषांतर केलेलं बटन कोणाला सापडत नाही.

चुकांच्या पानावर किमान दोन संदेश हवेत. 'मेसेज सापडला नाही' म्हणजे तो पाठवणाऱ्यानं स्वतः मागे घेतला किंवा दुसऱ्या मॉडरेटरनं आधीच काढला. इथे पुन्हा प्रयत्न करायचा नाही, 'आधीच गेलेला' अशी नोंद करून पुढे जायचं. 'परवानगी नाही' म्हणजे टूलचं खातं मॉडरेटर राहिलेलं नाही, किंवा टूल भलत्याच खात्यानं लॉगिन आहे. दुसरी गोष्ट जास्त वेळा होते, कारण एकाच ब्राउझरमध्ये घरचं आणि टूलचं अशी दोन्ही खाती उघडी असतात.

शेवटचं पान: लाईन गेली तर. लॅपटॉप बंद पडला तरी स्टुडिओत लावलेले शब्द आणि लिंक अडवण्याची सेटिंग सुरूच राहते, कारण ती चॅनेलवर असते, लॅपटॉपवर नाही. दोन माणसांच्या फोनवर यूट्यूब ॲप मॉडरेटरच्या खात्यानं आधीच लॉगिन करून ठेवा. मेसेजवर बोट ठेवलं की काढण्याचा पर्याय तिथेही येतो. स्लो मोड ३० सेकंदांवर लावा, म्हणजे एका माणसाला ३० सेकंदांत एकच मेसेज टाकता येईल. आणि चॅट बघताना वरून 'लाईव्ह चॅट' निवडा. 'टॉप चॅट'मध्ये सगळे मेसेज दिसत नाहीत, आणि नेमका न दिसणारा मेसेजच गावभर फिरतो.

तो मुलगा जाण्याआधी वहीची परीक्षा घ्या. अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसणारं लाईव्ह सुरू करा, दुसऱ्या खात्यातून दहा मेसेज टाका आणि टूल कधीच न वापरलेल्या माणसाला फक्त वही वाचून काम करू द्या. मुलानं शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. माणूस जिथे अडेल तिथे वहीत ओळ वाढवायची.

प्रश्न: आमच्या गावचा शंकरपट आमी लाईव्ह दाखवतो. सट्टेवाले लोकं चॅटमंदी लिंका अन् नंबर टाकतेत. मेसेज काढला त दुसऱ्या मिनटाले दुसऱ्या नावानं तोच मेसेज येते. म्हणून टूलमंदी शब्दाइची यादी टाकली, त आता चांगल्या लोकाइचेच मेसेज जाऊन रायले. अमरावतीवाल्याइचे त एकूणएक गेले. काऊन असं होते?
(एक वाचक, ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती)

उत्तर: तुमच्या यादीत 'मर' हा शब्द असणार. कोणीतरी 'मर' असं लिहिलं, तुम्ही तो शब्द टाकला, आणि टूल तो कुठेही शोधू लागलं. 'अमरावती'त 'मर' आहे, 'उमरेड'मध्ये आहे, 'उमरखेड'मध्ये आहे, 'मराठी'त तर सुरुवातीलाच आहे. अक्षरांचा तुकडा शोधणाऱ्या टूलला हे सगळे सारखेच.

यावर टूल बनवणारे बहुतेक 'शब्दाची सीमा' हे चिन्ह वापरतात, म्हणजे शब्द जिथे सुरू होतो आणि संपतो तिथेच जुळवायचं. देवनागरीत ते फसतं. पायथनचं नेहमीचं शोधयंत्र काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना अक्षर धरत नाही. त्याला 'मराठी'त 'मर' नंतर काना दिसतो आणि तिथे शब्द संपला असं वाटतं. म्हणजे सीमा लावल्यावर अमरावती आणि उमरेड सुटतात, पण 'मराठी' अडकतं. 'कुमरे' आडनावाची माणसंही अडकतात, कारण तिथे 'मर'च्या आधी उकार आणि नंतर मात्रा आहे. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या संगणकी भाषेत उलटं होतं. तिथली सीमा फक्त रोमन अक्षरं ओळखते, म्हणून मराठी शब्द सापडतच नाही आणि यादी निकामी होते.

उपाय असा. मेसेज आधी मोकळ्या जागा, स्वल्पविराम, दंड, उद्गारचिन्ह आणि इमोजी यांवर तोडा, आणि मिळालेला प्रत्येक पूर्ण शब्द यादीशी ताडा. मराठी शब्दाला प्रत्यय लागतात, म्हणून मूळ रूपाबरोबर सामान्यरूपही यादीत टाका: 'सट्टा' आणि 'सट्ट्या'. दुसऱ्या रूपापुढे 'चा, ची, चे, त, ला, ले, वर, साठी' यांतलं काही आलं तरी तोच शब्द धरायचा. 'ले' विसरू नका, तुमच्या भागात 'ला'पेक्षा तोच जास्त येतो.

ताडण्याआधी मेसेजची एक प्रत साफ करा. देवनागरीत काही अक्षरं दोन पद्धतींनी साठवली जातात. 'दऱ्या'तला ऱ्य एका कीबोर्डवर एक प्रकारे येतो, दुसऱ्यावर दुसऱ्या प्रकारे, डोळ्याला फरक दिसत नाही. शब्दाच्या मध्ये न दिसणारी जोडचिन्हं टाकूनही लोक टूलला चकवतात. म्हणून प्रतीत ही अदृश्य चिन्हं काढा, युनिकोडचं (अक्षरं संगणकात साठवण्याच्या पद्धतीचं) एकच प्रमाण रूप करा, तीनदा आलेलं अक्षर एकदा करा आणि मराठी अंक व इंग्रजी अंक एकच धरा. हे सगळं फक्त प्रतीवर. वहीत मूळ मजकूर जसाच्या तसाच गेला पाहिजे. तोच शब्द रोमन अक्षरांत लिहिणारेही असतात, त्यांची यादी वेगळी ठेवा.

फोन नंबरसाठी नियम लिहिताना एक गोष्ट जपा. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा अंक म्हणजे मोबाईल नंबर, हे खरं. पण टूल अंकांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकत असेल, तर कापसाचे भाव सांगणारा '७१०० ७३५० ७४००' हा मेसेजही फोन नंबर ठरतो. लोक नंबर सलग दहा, पाच-पाच, तीन-तीन-चार किंवा चार-तीन-तीन असा तोडतात. भाव चार-चार अंकांचे असतात. एवढ्या चार रचनाच पकडा. मालकाचे आणि मॉडरेटरचे मेसेज या नियमातून वगळा, नाहीतर कमिटीनंच टाकलेला वर्गणीचा नंबर टूलच्या तावडीत जाईल.

शब्द सापडला म्हणून लगेच काढूही नका. 'सट्टा लावू नका रे पोट्टेहो' यातही 'सट्टा' आहे. लिंक आणि फोन नंबर टूलनं स्वतः काढावेत, शब्द सापडलेले मेसेज मात्र माणसापुढे ठेवावेत. 'पोट्टा', 'बावा', 'लेका' असले शब्द बाहेरच्या तयार यादीत शिवी म्हणून आलेले असतील तर खोडा. यादी वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसानं वाचल्याशिवाय वापरात आणू नये. वेगळ्या फाईलीत 'सुटलेच पाहिजेत' अशी चाळीस-पन्नास वाक्यं ठेवा: अमरावती, उमरेड, कुमरे, भाव. यादीत एक शब्द जरी वाढवला तरी ती सगळी वाक्यं टूलमधून आधी जाऊ द्या. एकही अडकलं तर तो शब्द नको.

आता नाव बदलून येणाऱ्यांविषयी. त्यांचे मेसेज एकेक काढत बसू नका, खातंच चॅनेलवरून लपवा. त्याचे मेसेज इतरांना दिसत नाहीत, आणि आपल्याला लपवलं आहे हे त्याला कळवलंही जात नाही. नवी खाती उघडून येत असतील तर चॅट फक्त सबस्क्राइबरसाठी ठेवता येतो आणि सबस्क्राइब करून किमान किती वेळ झालेला असावा तेही ठरवता येतं. लिंक अडवण्याची सोय यूट्यूबच्याच सेटिंगमध्ये आहे, ती आधी लावा. जे काम सेटिंग करते ते टूलकडून करवून घेऊ नये, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न: आमचं टूल सप्ताहाच्या पाचव्या दिवसापर्यंत छान चाललं. सहाव्या दिवशी पहाटे काकड्याच्या वेळी बंद झालं आणि दुपारी आपोआप सुरू झालं. मग काल्याच्या कीर्तनाच्या दिवशी पुन्हा बंद पडलं, ते पडलंच. इंटरनेट दोन्ही वेळा चालू होतं.
(एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं कोट्याचं. गूगल अशा टूलला दिवसाला १०,००० युनिटचा कोटा देतं, म्हणजे टूलनं यूट्यूबकडून दिवसभरात करून घ्यायच्या कामांची मर्यादा. मेसेज काढण्यासारख्या, म्हणजे काही बदल करणाऱ्या प्रत्येक कामाला साधारण ५० युनिट जातात. चॅट वाचण्याला, अगदी फसलेल्या विनंतीलाही, किमान १ युनिट लागतंच. दर पाच सेकंदांनी चॅट वाचला तर तीन तासांच्या कीर्तनात २,१६० वेळा वाचणं होतं. वाचन १ युनिटाचंच धरलं तरी ७,८४० उरले, म्हणजे जेमतेम १५६ मेसेज. एखाद्या रात्री कोणी खोडसाळपणा केला की संपला कोटा. चाचणीच्या दिवशी गूगल क्लाउड कन्सोलमधल्या (जिथे टूलची गूगलकडे नोंद केलेली असते तिथल्या) कोट्याच्या पानावर तुमच्या टूलचा खरा खर्च बघा आणि तोच आकडा वहीत लिहा.

कोट्याचा दिवस आपल्या मध्यरात्री बदलत नाही, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री बदलतो. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो, आणि मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत साडेबारा. म्हणजे रात्रीचं कीर्तन आणि दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा काकडा एकाच कोट्यात येतात. रात्री उधळलं की काकड्याला काही उरत नाही, आणि दुपारी टूल 'आपोआप' जिवंत होतं. वाचण्याचं अंतर मनानं ठरवू नका. प्रत्येक उत्तराबरोबर यूट्यूब पुढच्या वेळी किती मिलिसेकंद थांबायचं ते सांगतं, तेवढं थांबायचंच. घाई केली तर चूक परत येते आणि ती विनंतीही कोट्यात मोजली जाते. ८,००० युनिट गेले की टूलनं पडद्यावर लाल ओळ दाखवावी आणि वाचन थांबवून फोनवाल्या मॉडरेटरकडे काम सोपवावं.

दुसरं दुखणं परवानगीचं. टूल गूगलच्या नोंदीत 'टेस्टिंग' अवस्थेत असेल, तर खात्यानं त्याला दिलेली परवानगी ७ दिवसांत संपते. सप्ताहही सात दिवसांचा. आदल्या दिवशी चाचणीसाठी लॉगिन केलं की परवानगी नेमकी काल्याच्या दिवशी मरते. कन्सोलमध्ये टूलची अवस्था 'प्रॉडक्शन' करा आणि त्यानंतर एकदा नव्यानं लॉगिन करा. तसं जमत नसेल तर सप्ताहाच्या चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा लॉगिन करायचं, अशी तारखेसकट ओळ वहीत हवी.

प्रश्न: शाळेच्या स्नेहसंमेलनाचं लाईव्ह केलं, पण चॅटच दिसत नव्हता. मॉडरेटर नेमून ठेवले होते.
(एक शिक्षिका, ता. चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर: लाईव्ह लावताना 'मुलांसाठी बनवलेलं' हा पर्याय निवडला गेला असणार. तो निवडला की यूट्यूब चॅट बंदच करतं, बिघाड नाही. मुलं पडद्यावर असणं आणि व्हिडिओ मुलांसाठी बनवलेला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी विद्यार्थ्यांची नावं आणि वर्ग चॅटमध्ये उघड होत असतील तर चॅट बंद राहिलेलाच बरा.

प्रश्न: ग्रामसभा लाईव्ह दाखवतो. चॅटमध्ये लोक नळयोजनेचं आणि घरकुलाचं विचारतात, कधी कधी तिखट शब्दांत. वरून सांगितलं जातं की असे मेसेज काढा. मी फक्त संगणक चालवतो. काय करू?
(एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर: काढू नका. ग्रामसभा ही विचारण्याचीच जागा आहे. 'तीन महिने नळाला पाणी नाही, पैसा गेला कुठं' हा मेसेज तिखट असेल, पण वर दिलेल्या सहा कारणांपैकी एकातही तो बसत नाही. टूलमध्ये कारण निवडल्याशिवाय बटन दाबलंच जाऊ नये अशी सोय करा, आणि 'इतर' हा पर्याय ठेवूच नका. 'इतर' ठेवला की महिनाभरात निम्म्या नोंदी तिथे जमा होतात. काढण्याचा हुकूम आला तर शांतपणे विचारा, 'कोणत्या क्रमांकात टाकू आणि कोणाच्या सांगण्यावरून असं लिहू?' वहीत 'सांगणारा' असा एक रकाना वाढवा. तुमची अडचण एवढ्यानं बरीच कमी होईल.

त्याच मेसेजमध्ये शिवी असेल तर मेसेज निघेल, पण प्रश्न राहायला हवा. मेसेज अर्धा काढता येत नाही. तेव्हा मॉडरेटरनं लगेच स्वतः लिहावं: 'शिवीमुळे मेसेज काढला. प्रश्न नळयोजनेचा होता, सभेपुढे ठेवला आहे.' चॅटच्या मेसेजला २०० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात हे सहज बसतं. असे दोन-तीन मजकूर आधीच लिहून वहीत ठेवा, घाईत भाषा बिघडते. आणि काढलेल्या मेसेजची नोंद कोण बघू शकतं, किती दिवस ठेवायची, हे ग्रामसभेतच ठरवून घ्या. त्यात लोकांचं बोलणं आणि खात्याची ओळख असते, ती फाईल गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या नाटकाचे काही प्रवेश लाईव्ह दाखवले. चॅटमध्ये एका स्त्री कलाकाराविषयी अत्यंत घाण लिहिलं गेलं आणि एकानं धमकी दिली. मुलांनी घाबरून सगळं काढून टाकलं. आता तिला तक्रार करायची आहे आणि हातात काहीच नाही.
(एक वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर: सगळ्यात आधी, तक्रार अजूनही करता येते. लाईव्हची लिंक, तारीख, अंदाजे वेळ आणि ज्यांनी तो मेसेज पाहिला त्यांची नावं एका कागदावर आजच लिहा. कोणाच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट आहे का ते विचारा, बहुतेक वेळा असतो. खात्याची माहिती पोलीस कंपनीकडून मागवू शकतात, तुम्हाला ती मिळणार नाही. स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूनं केलेल्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे. अश्लील मजकूर इंटरनेटवर टाकण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६७ आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तक्रार करायची की नाही हे त्या कलाकारानं ठरवायचं. मंडळानं तिच्यासोबत जायचं.

पुढच्या वेळेसाठी वहीत कारण २ आणि कारण ५ पुढे वेगळा क्रम लिहा. मेसेज दिसला की आधी पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, त्यात मेसेज, खात्याचं नाव, व्हिडिओचं शीर्षक आणि घड्याळ दिसलं पाहिजे. मग त्या खात्याच्या चॅनेलचं पान उघडून त्याचा पत्ता उतरवा. मग नोंदीची ओळ. मग मेसेज काढा. हात बसला की अर्ध्या-एक मिनिटाचं काम आहे. तेवढा वेळ घाण पडद्यावर राहते हे वाईटच, म्हणून दोन माणसं लागतात: एकानं फोटो घ्यायचा, 'झालं' म्हणायचं, दुसऱ्यानं लगेच काढायचं.

स्क्रीनशॉटवर लाल गोल काढू नका, कापू नका. गोल काढायचाच असेल तर वेगळ्या प्रतीवर काढा. मूळ फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि फाईल बदलते. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य भरायचं असतं. हॅश म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा लांबलचक आकडा. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' या आज्ञेनं 'एसएचए-२५६' हॅश निघतो. तो त्याच रात्री वहीत हातानं उतरवा, खाली वेळ घाला आणि फाईल ज्याच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर निघाली त्याची सही घ्या. मूळ फाईल त्याच यंत्रावर राहू द्या, प्रत पेन ड्राइव्हवर.

लाईव्ह संपल्यावर चॅट रिप्लेही, म्हणजे व्हिडिओबरोबर पुन्हा दिसणारा चॅटही तपासा. लाईव्ह सुरू असताना काढलेला मेसेज रिप्लेत दिसत नाही, पण सुटून गेलेला दिसतो. रात्री सगळं चाळायला माणूस नसेल, तर व्हिडिओच्या सेटिंगमधून रिप्ले त्याच रात्री बंद करा आणि सकाळी निवांत बघून मग सुरू करा.